तीन किलो

हिंगणा एमआयडीसीत, रंगाच्या कारखान्यामागे
गुणवंत हेडाऊचं गॅरेज. पाटी नाही.
वेल्डिंगच्या ठिणग्यांनी एका अंगाने भाजलेला कडुनिंब,
तीच खूण.
मी गाडी आणली तेव्हा त्याने बॉनेट उघडलंच नाही.
पुढच्या मडगार्डवर दोन्ही तळवे टेकले,
दाबलं, सोडलं,
आणि गाडी डोलायची थांबेपर्यंत बोटं मोजली.
“अडीच,” तो म्हणाला. “वळणावर लाजते हे.”

तिसऱ्या हाताची, दोन सीटांची,
लाल म्हणून घेतलेली, आता विटेच्या रंगाची गाडी.
महिन्यातल्या एका रविवारी
उमरेडच्या पलीकडे, कुणी न वापरत असलेल्या धावपट्टीवर
आम्ही आठ-दहा वेडे जमतो,
टायर रचून वळणं आखतो.
तिसऱ्या वळणाला दर वेळी
माझं आतलं मागचं चाक जमीन सोडतं,
बोलता बोलता कुणी हात काढून घ्यावा तसं.

खोक्यातून नवे शॉक निघाले, पिवळेधमक.
माझ्या त्रेचाळीस रूट कॅनलांची कमाई.
स्प्रिंगा इतक्या आखूड,
वाटलं, अर्ध्याच पाठवल्या.
“सगळ्यात कडक लावा,” मी म्हटलं.
हेडाऊ हसला.
त्याचा बाप गोळीबार चौकात मागावर बसायचा.
“ताणा लय ओढला तं सूत तुटते मॅडम,
सैल सोडला तं लुगड्याले पोट येते.
तुम्हाले काहून घाई?”
जुने रबरी बुश प्रेसखालून पडले,
चिरलेले, वाळलेल्या खारकांसारखे.

शेवटी कळमन्याच्या ओळखीतून चार काटे आले.
एकेका चाकाखाली एक.
टाकी अर्धी. टायरमधली हवा मोजलेली.
“आता तुमचं वजन सांगा.”
झियाउलचा पान्हा हवेतच राहिला.
पंख्याची घरघर केवढी मोठी झाली.
“बासष्ट,” मी म्हटलं.

माझ्या जागी तूरडाळीचं पन्नासचं पोतं बसलं,
त्याच्या मांडीवर बारा किलो नटबोल्ट.
डाळीला सीटबेल्टही लावला.
मग पाचपासून साडेआठपर्यंत
स्प्रिंगखालची कडी पाव फेरा वर, पाव फेरा खाली,
पुढचं उजवं अधिक मागचं डावं,
पुढचं डावं अधिक मागचं उजवं,
खडूने जमिनीवर बेरजा, तळव्याने पुसलेल्या बेरजा,
आणि एकदाचे दोन्ही आकडे जुळले.
झियाउलने चहा सांगितला.

“आता तुम्ही बसा.”

मी बसले.
उजवीकडचे दोन काटे बोलले.
हेडाऊने माझ्याकडे पाहिलं नाही.
खडूने काहीतरी लिहिलं, त्यावर पाय ठेवला.
“डाळच कमी भरली वाट्टे,” तो म्हणाला,
“हे कळमन्याचे लोक बी ना बाप्पा,”
आणि पान्हा उचलून
पुन्हा पहिल्यापासून.

रविवारी तिसऱ्या वळणाला चाक खालीच राहिलं.
डांबराची प्रत्येक खडी मणक्यातून वाचता येत होती.
मी जोरात हसले हेल्मेटच्या आत,
आणि त्याच आनंदात चौथ्या वळणाला गिरकी घेऊन
वाळलेल्या गवतात उलट्या तोंडाने उभी राहिले.
गाडीचा काही दोष नव्हता.

सोमवारी क्लिनिक.
खुर्चीत एक गृहस्थ, पांढरा सदरा, घट्ट मिटलेलं तोंड.
“किती खर्रा होतो दिवसाला?”
“नाही हो. एखादा. तोही कुणी दिला तर.”
मी दिवा ओढला. आरसा आत घातला.
खालचे सहा दात कातासारखे.
कार्डावर मी पाच लिहिलं,
आणि मान वर न करता म्हटलं,
“तुमच्याकडचं पाणी जड असेल.”