लेक्क

हुक्केरी सर फळ्यावर एक उभी रेघ मारतात.
डावीकडं खर्च, उजवीकडं उत्पन्न.
"आता आपापलं शेत बसवा यात."
बसवा म्हटल्यावर मला आधी आमचा बैलच आठवला,
बसवा, गेल्या साली विकलेला.

मी बेळगुंदीची.
सव्वादोन एकर, तांबडी माती, जमीन उताराची.
पहाणी कन्नडमध्ये, भांडणं मराठीत,
बसवाला दोन्ही कळायचं.

खर्चात लिहिलं:
शेणखत सात गाड्या, ट्रॅक्टरचे तीन तास,
पोती, टेंपो, हमाली, दलाली.
मग आला घसारा.
घसारा म्हणजे वस्तू दर साली थोडी थोडी कमी होते
आणि ती होताना आपण वहीतून बघत राहायचं.
पंपाला दहा वर्षं. फवारणीच्या डब्याला पाच.
मी विचारलं, सर, कुदळीला?
आमची कुदळ आज्ज्याच्या वेळची,
पातं झिजून तळहाताएवढं उरलंय,
दांडा चारदा बदललाय.
सर हसले. "तिची किंमत शून्य धर."
धरली.
रविवारी त्याच शून्यानं आप्पांनी
अर्धा एकर रताळी काढली.

बसमध्ये गावडू मामा रोज तेच विचारतो,
"शेती शिकाय बेळगावला जाऊलीस?
आन् बेळगावची मानसं शेत बघाय हिकडं येऊलीत!"
मी खिडकीला डोकं टेकून
फायदा आणि नफा यांतला फरक पाठ करते.

एक रकाना आहे, घरच्या माणसांची मजुरी.
आईला विचारलं, दिवसाला किती तास?
"उठल्यापास्नं."
रकान्यात उठल्यापास्नं मावत नाही.
मी आठ लिहिले. खोडून अकरा केले.
तिला अक्षर येत नाही, आकडे येतात.
वाकून बघत म्हणाली,
"अकरा? मग म्हशीचं कोन करूलंय?"

बांधापलीकडं निंगव्वाचं रान.
तिनं हाक मारली, "लेक्क माडतीयेन?"
आमच्याकडं लेखा म्हणतात, तिच्याकडं लेक्क.
मला ते दर वेळी लेक असंच ऐकू येतं
आणि मी ओ देते.
तिच्या दाराच्या चौकटीवर कोळशाच्या रेघा आहेत,
विकलेल्या पोत्याला उभी,
फुकट दिलेल्या वेलाच्या भाऱ्याला आडवी.
बोट ठेवत ठेवत तिनं मोजून दाखवल्या.
आमचे वेल कुजले त्या साली
आमच्या नावच्या अकरा आडव्या.
हे आप्पांनी कधी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सरांना विचारलं,
आडवी रेघ कुठल्या बाजूला घ्यायची?
ते बराच वेळ खडूकडं बघत राहिले.
"मला हे कुणी शिकवलं नाही," म्हणाले,
"तू खाली टीप लिही."

टीप लिहिता लिहिता तीन पानं झाली.
पुढच्या साली लावण बारा दिवस आधी,
म्हणजे माल नवरात्राच्या तोंडावर बाजारात.
वेल निंगव्वाचे, पहिलं पाणी आमच्या पंपाचं,
टेंपो दोघींत एक.
दोघींत म्हणजे तिच्यात आणि माझ्यात,
आप्पांच्या नाही. हे मी मुद्दाम लिहिलं.

आप्पांनी कागद उंबऱ्यात उजेडाला धरला.
"टेंपो एक. भाडं?"
निम्मं निम्मं.
"आन् भाव पडला तर?"
तेही निम्मं.
ते काही बोलले नाहीत. कागदावरून बोट खाली नेत नेत
घसाऱ्यापाशी थांबले.
"कुदळीचं किती धरलंस गे?"
शून्य.
भिंतीला टेकलेल्या कुदळीकडं त्यांनी पाहिलं,
मग रिकाम्या दावणीकडं.
"बरं हाय," म्हणाले,
"म्हंजे हिला इकाय येत न्हाई."