भोंगा

लढाई म्हणे दोन वर्षांपासून सुरू होती.
आमची सुरू झाली पौषातल्या एका मंगळवारी,
जिनाचा भोंगा वाजला नाही तेव्हा.

सहाच्या भोंग्यावर गाव उठायचं.
आठाच्या भोंग्यावर माय रेच्यावर बसायची.
बाराच्या भोंग्याला तर कोंबड्यासुद्धा
कण्या मागत दारात यायच्या.
त्या दिवशी कोंबड्या आल्याच नाहीत.
मला कळेना, आता जेवायचं कधी.

फाटकाशी दीडशे बाया, डोक्याला फडकी.
रहेमू फिटर बाहेर आला, हात कोरडे;
त्याचे हात कोरडे मी पहिल्यांदा पाहिले.
म्हणाला, गठाणी पडून आहेत बंदरावर,
जपान घेत नाही आता.
"कायले घेत नाही?"
"लढाई लागली ना त्याच्यासंगं."
माय थोडा वेळ चूप राहिली.
"म्हंजे इतके दिस त्याच्या आंगावर आपलाच कापूस होता?"
कोणीतरी हसलं.
मग कोणीच हसलं नाही.

शाळेतल्या नकाशात जपान
वाळल्या मिरचीएवढा होता.
मी बोटानं झाकून पाहिला. झाकला जायचा.

घासलेट गेलं, त्याचं फार वाटलं नाही,
अंधार ओळखीचा होता.
पण चिल्लर गेली.
वाणी उरलेल्या पैशाच्या आगकाड्या मोजून द्यायचा,
त्याही एक कमी.
मग भोकाचा पैसा आला.
माय म्हणाली, सरकारनं याचं काळीज काढून
लढाईवर नेलं,
आणि सुतळीत ओवून माझ्या गळ्यात बांधला.

तुळसाबाई गेली त्या साली
मयतीच्या कापडाला तालुक्याची चिठ्ठी लागली.
वावरात पऱ्हाटीवर कापूस फुटून लोंबत होता,
वेचायला मजुरी परवडत नव्हती कुणाला,
आणि म्हातारी दीड दिवस
लेकीच्या जुन्या लुगड्यात निजून
चार वार कापडाची वाट पाहत होती.

उकंडा, माझा भाऊ, कामठीला भरती झाला.
अर्धा इंच छाती कमी भरत होती.
त्यानं श्वास धरला.
माय म्हणायची, त्यानं तो अजून सोडला नाही.

त्याची पत्रं यायची, मधल्या ओळी काळ्या केलेल्या.
गुरुजी वाचायचे, काळ्याशी थांबायचे.
"तिथं काय हाय?"
"तिथलं सरकारनं ठेवून घेतलं, जैवंताबाई."
माय घरी येऊन
त्या काळ्या पट्ट्यांवर बोट फिरवायची,
चुलीपाशी, उजेडात,
जसं रेच्यावर सरकी राहिली का ते चाचपायची.
मनीऑर्डर मात्र पूर्ण यायची, कुठेही न खोडता.
त्या पैशानं आम्ही दोन वर्षं ज्वारी खाल्ली.
हे सांगताना मला अजून लाज वाटते,
आणि ज्वारी चांगली होती.

तो परत आला, खाकीत, बुटांसकट.
तसाच पाटलाच्या विहिरीवर गेला.
कोणी काही म्हटलं नाही.
बादली वर येईपर्यंत सगळे
त्याच्या बुटांकडे पाहत होते.
बूट पुढल्या उन्हाळ्यात फाटले.
मग म्हणाले.

पण ते नंतर.
त्याच्या आधी जिन उघडलं.
रहेमूनं बॉयलर पेटवला, हात पुन्हा तेलाचे,
आणि चाचणी म्हणून दुपारी बाराला
साखळी ओढली.

अख्खं गाव रस्त्यावर आलं.
बाया एकमेकींच्या गळ्यात पडल्या,
पोरं भोंग्यासारखी ओरडत पळाली.

उकंडा अंगणात पालथा होता.
माझं डोकं त्यानं एका हातानं मातीत दाबलं होतं,
दुसरा हात स्वतःच्या मानेवर.
"उठू नको," म्हणत होता, "उठू नको, अजून येतील."
गळ्यातला पैसा माझ्या हनुवटीत रुतला.

कोंबड्या तेवढ्या आल्या,
आमच्या दोघांभोवती,
कण्या मागत.