कालवडीचं वजन

तीन रात्री फॉर्म उघडाच.
अनुभवाचे तास: चारशे बारा.
रसायनशास्त्र काठावर.
यंदा भरू की पुढच्या साली?
घोडं इथंच पेंड खातंय.

सस्कॅचवनचा मार्च, बाहेर उणे एकतीस.
डॉक्टर पावलिशिन खांद्यापर्यंत गाईच्या आत,
मी दोरी धरून.
"पाय सापडला," म्हणाल्या, "पण मागचा."
मग बराच वेळ
कुणीच बोललं नाही.

वासरू पडलं. शिंकलं.

वार पडायची वाट बघताना
विचारून टाकलं.
त्यांनी पलीकडच्या कालवडीकडे हनुवटी केली:
"हिला कधी भरवायची ते
वय बघून ठरवतात?"
वजन, मी म्हटलं.
त्या थर्मासचं झाकण शोधत राहिल्या.

गाडीपर्यंत जाईतो
बाही गोठून लाकूड झाली,
कोपर वाकेना.

चारशे पंधरा.