बाकी

मोरवारीदबाईंच्या ट्रंकेत नेमके किती कागद आहेत
ते त्यांना माहीत नाही, त्यांच्या आईलाही नव्हतं.
यझ्दहून मुंबई, मुंबईहून म्हापशाची बेकरी,
आणि आता रायबंदरच्या या दोन खोल्या,
खिडकीखाली मिठागरं.
ट्रंक उघडली की आधी वेखंडाचा वास येतो,
मग शिळ्या पावाचा. असं मला वाटतं. त्या म्हणतात, नाही.

मी एकतीस वर्षं पणजीच्या दफ्तरखान्यात होतो.
कोमुनिदादींच्या वह्या, शेतांच्या हद्दी, बांधावरची भांडणं,
पोर्तुगीज हातांनी लिहिलेली, वाळवीनं दुरुस्त केलेली.
म्हणून बोलावणं आलं: केंकरेबाब, एक यादी करून द्या.
मी रकाने आखले. क्रमांक, तारीख, गाव,
कुणाला लिहिलं, कागदाची अवस्था.
नाव?
"बहुतेकांना नाव नसतंच," त्या म्हणाल्या,
"पहिली ओळ हेच नाव."

मला फारसी येत नाही, अरबी तर नाहीच.
त्या चष्मा कपाळावर ढकलून वाचतात,
मी कानाला येईल तसं नागरीत उतरवतो.
अकरावा कागद एका सुइणीला. बारावा कुणा कापडवाल्याला,
ज्यानं काहीतरी विचारलं होतं.
उत्तर आहे. प्रश्न नाही.
दफ्तरखान्यात नेहमी उलट असायचं.

चोविसावा त्यांनाही लागेना.
सांगणारा थांबायचा नाही, म्हणे,
लिहिणाऱ्याला बोरू बुडवायची फुरसत नसायची.
ओहोटीनंतर कुर्ल्या रेतीवरून पळून जाव्यात
तशी ती अक्षरं, कुठं निघालीत ते त्यांनाच ठाऊक.
मग कुणीतरी ते स्वच्छ काढायचं,
मग त्याची नक्कल, नकलेची नक्कल,
एखाद्या विणकरानं रात्री, दार लावून घेऊन.
ट्रंकेत एकाच्या तीन आहेत. तिसरीत एक शब्द वेगळा.
हा एक धरायचा की तीन?
मी पेन्सिलीनं तीन लिहिलं. संध्याकाळी खोडलं.

"आणि सगळे मिळून? जगात?"
त्या माशी हाकलावी तसा हात हलवतात.
हजारो. तिकडं समुद्राकाठच्या डोंगरावर
माणसं अजून मोजताहेत, कुणाच्या माळ्यावरून नवा निघतोच.
आणि बगदादेत नदीला दिलेले?
आजी सांगायची, गठ्ठेच्या गठ्ठे, लिहिणाऱ्याच्याच हातानं,
शाई निघून गेली,
पाणी काही बोललं नाही.
मी खिडकीतून मांडवी बघितली.
एक बार्ज वर चालली होती, रिकामी.

हरवलेल्यासाठी आम्ही लाल शाई वापरत असू.
इथं कुठली?

दर एकोणिसाव्या दिवशी त्यांच्याकडं चौघं-पाचजण जमतात,
प्रार्थना, चहा, नानकटाई. त्या दिवशी यादी बंद.
मी तरी जातो. वही काखेत असते, सवयीनं.
असंच एकदा मी मोठ्यानं वाचत बसलो:
दफ्तर, कागद, तारीख, नक्कल, अस्सल,
आणि ही जी मी करतो आहे ती फेरिस्त,
तर बाई इतक्या हसल्या की कप बशीत कलंडला.
"तुम्हाला येते की फारसी! जन्मभर बोलताय."
मग मी शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं.
बाकी. म्हणजे यायचं राहिलेलं, देणं, तूट.
त्यांनी तो शब्द पुन्हा उच्चारला, क अगदी खोल, घशातून.
"आमच्यात बाकी म्हणजे सगळं गेल्यावर जे उरतं ते."
चहा निवत गेला.
आवकजावक करणाऱ्या माणसाला हे कुणी तरुणपणी सांगायला हवं होतं.

आज दोनशे सातपर्यंत पोचलो.
दोनशे आठवा दमट आहे, पंख्यापासून लांब,
चार कोपऱ्यांवर तिसऱ्यांच्या चार शिंपा ठेवून पसरलाय.
एकूणच्या ओळीत मी काही लिहिलेलं नाही.
"वही पुरेल ना, केंकरेबाब?"
दुसरी आणलीये. म्हापशाहून, शुक्रवारच्या बाजारातून.
जाड पुठ्ठ्याची.