दोन थाऊ

गैबीमास्तरांचा पुढचा दात पडला
ऐन लगीनसराईच्या तोंडावर.
रुमालाची गाठ सोडून त्यांनी लेथवर ठेवला
ट्रंपेटचा माऊथपीस,
मला आधी वाटलं, दातच आणलाय.
काठावरचा चांदीचा मुलामा उडालेला,
उघडं पितळ लागून ओठाला हिरवट वळ.
"टर्नर, ह्यो आता मला ओळखंना."

मी पंपाचे बुश काढणारा माणूस,
उद्यमनगरात, पत्र्याच्या शेडमध्ये, पंचवीस वर्षं.
वाजणं म्हणजे मला दुपारचा भोंगा.
"आत बघ," मास्तर म्हणाले.
बॅटरी मारली.
आधी एक वाटी, तिच्या तळाला भोक,
पुढं हळूहळू रुंदावत गेलेली बोळ.
"वाटीत सूर शिजतो. भोक म्हंजे घसा.
आणि काठ माझा हाय, त्येला हात लावू नगंस."

पहिला केला उथळ वाटीचा.
मास्तरांनी फुंकला
आणि समोरच्या फौंड्रीतली पोरं दाराशी आली.
तापल्या तेलात लवंगी मिरची पडावी
तसा आवाज. नाकात जाणारा.
"वरातीला ह्योच. डॉल्बीच्या भिंतीत
खिळा ठोकायचा तर असाच लागतो.
पापाच्या तिकटीला वाजवला
तर गंगावेशीत माणूस मागं वळंल."
मग माऊथपीस तळहातावर उलटा करून, थुंकी झाडून,
"पण ह्येच्यात मी न्हाई."

दुसरा खोल.
आवाज खाली उतरला, बसला,
तालमीच्या हौद्यात मुरलेल्या मातीसारखा,
ताक, तेल, हळद प्यालेल्या.
पाऊल टाकलं तर रुतेल.
मास्तरांनी डोळे मिटले. उघडले.
"दाराशी अडखळतोय. घसा दोन थाऊ मोकळा कर."

दोन थाऊ!
माणसाचा केससुद्धा मायक्रोमीटरवर तीन भरतो.
मी मनात हसलो, रीमर फिरवला,
कीस फुंकून उडवला
(माझीही तेवढीच फुंकर त्यात गेली).
मास्तरांनी पुन्हा ओठ लावला.

आणि मला कळलं.
मला, ज्याला सा कुठं आणि रे कुठं
अजून ठाऊक नाही.

"पण दम जास्त खाणार हा," मी म्हणालो.
"खाऊ दे. पासष्ट वर्षं साठवून ठेवून
काय बँकेत भरू?"

हंगामभर उथळच वाजला.
खोल वाटीचा वरच्या खिशात, छातीशी,
कारण गार पितळ सूर खाली ओढतं
असं त्यांचं म्हणणं.

मे महिन्यात एकदा माझी रात्रपाळी.
एकच्या सुमाराला मास्तर आले, कसबा बावड्याची वरात संपवून,
लाल कोटाच्या जरीच्या दोऱ्या लोंबत्या,
ओठ सुजून वांग्याच्या रंगाचा.
मी मशीन बंद केलं.
त्यांनी उथळ काढला, खोल बसवला.

एकच सूर. गाणं नाही, चाल नाही,
कुणाच्या हळदीचा नाही, कुणाच्या वरातीचा नाही.
लेथच्या बेडवर पडलेला पितळेचा कीस
थरथरला, सरकला,
पत्र्यानं छताशी काहीतरी पुटपुटल्यासारखं केलं.
दम संपला तसा सूर संपला, लवकरच.
मास्तर कठड्याला धरून खोकत राहिले.
"त्यो पोटाचा," ते म्हणाले, "आणि ह्यो..."
पुढचं त्यांनी बाहीनं पुसून टाकलं.

मधला एक माऊथपीस माझ्याकडून फसला होता,
टूल थरथरून वाटीत लाट उमटलेली.
मास्तरांनी फुंकून परत दिला,
"ह्येच्या पोटात पाल हाय," म्हणाले.
भंगारात टाकायला हात झाला नाही.
आता त्यातूनच लेथच्या गिअरबॉक्सला तेल ओततो,
बारीक धार, घशातून, सावकाश.
तेल काही बोलत नाही.
तरी मशीन सुरू करण्याआधी
मी उगाच थोडा थांबतो.