जागच्या जागी

टोलेडोत मार्च म्हणजे अजून हिवाळाच.
शटर अर्धं वर करून मी गाडी आत घेतली,
मागची चाकं रोलरच्या खाचेत बसवली,
पट्टे आवळले. पुन्हा एकदा आवळले.
साडेसहाशे घोडे
चार पट्ट्यांच्या भरवशावर उभे करायचे असतात.

ती कोपऱ्यातल्या स्टुलावर, पर्स मांडीवर घट्ट धरून.
वर्ना विस्नेव्स्की. सत्तरीला टेकलेली.
गाडी नवऱ्याची. थॅडियस ऑक्टोबरात गेला.
"कंपनीतून आली तशीच आहे, म्हणायचा.
एका बोल्टला हात लावलेला नाही.
तेवढं बघून द्या."
मला वाटलं, विकायची असेल.

कानात घालायला बोळे दिले,
ते तिने हातातच ठेवले.

पंखा सुरू. चौथा गिअर. दोन हजारांवर क्षणभर दम,
मग पाय तळापर्यंत.

आधी सुपरचार्जरची शीळ, बारीक,
शेजारच्या घरात किटली लागावी तशी.
मग करवत ओल्या लाकडात शिरते.
भिंतीवरचे पाने एकमेकांवर आपटू लागले,
माझ्या कॉफीवर वर्तुळं उठली,
आणि ताशी दीडशे मैलांनी धावणारी गाडी
समोरचं कॅलेंडरही ओलांडू शकली नाही.
घोडामैदान म्हणतात ते हेच,
फक्त मैदान नाही.

पाचशे बासष्ट.

लगेच दुसऱ्यांदा घेतली, पाचशे एकोणपन्नास.
तापली की हिचा श्वास उथळ होतो,
माणसांचाही होतो.
बॉनेट उघडून वीस मिनिटं थांबलो.

"साडेसहाशे लिहिलेत ना कागदावर?
मग बाकीचे कुठे गेले?"
गिअरबॉक्सने घेतले, म्हटलं, शाफ्टने घेतले, टायरने घेतले.
इंजिनपासून चाकापर्यंतच्या वाटेत
प्रत्येकाचे हात ओले होतात.
एवढी गळती धरलेलीच असते.

"म्हणजे त्याने काही बदललेलं नाही."
टॉर्च धरून दाखवलं:
पुलीच्या बोल्टवर कारखान्यातली पिवळी खूण,
कुणीतरी घाईत ओढलेला ब्रशचा फटकारा,
सहा वर्षांत कुठेही तडकलेला नाही.
नवरा खरं बोलत होता, बाई.
हे सांगताना मला बरं वाटत होतं.

ती खुणेकडे बघत राहिली.
"दर महिन्याला चारशे डॉलर," ती म्हणाली,
"रोख. सहा वर्षं.
बँकेचे कागद तो गेल्यावर हाती आले.
मला वाटलं, हिच्यात घातले असतील.
लपवून. लहान मुलासारखे."
मग हळूच,
"थोडी जास्त भरायला हवी होती."

पंखा फिरत होता.
आता सांगायला हरकत नाही:
हवेचं तापमान मी हाताने भरतो.
पन्नासच्या जागी शंभर लिहिलं असतं
तर आकडा सहाशेला टेकला असता,
आणि एक मेलेला माणूस
फक्त गाडीवेडा ठरला असता.
बोट कीबोर्डवर होतं.
किती वेळ होतं, ते आठवत नाही.

"अजून एकदा," ती म्हणाली.
घेतली.
पाचशे साठ.

कागद छापून दिला. तिने चष्मा लावला.
"या दोन रेघा इथेच का भेटतात?"
एक ताकदीची, एक पिळाची. बावन्नशे बावन्नवर भेटतात.
कोणतंही इंजिन आणा,
गणितच तसं आहे.
"कोणतंही?"
कोणतंही.
तिने कागदाची चौघडी केली, उघडली,
पुन्हा केली.

पैसे रोख दिले. नोटा दोनदा मोजल्या.
मी पट्टे सोडले, गाडी रस्त्याला लावून दिली.
क्लच तिच्या पायातला नव्हता,
पहिल्या झटक्याला बंद पडली,
दुसऱ्या वेळी अंगात आल्यासारखी सुटली.

फॉर्मवरचा पत्ता पुलापलीकडचा,
म्हणजे सिग्नलला उजवीकडे.
ती डावीकडे वळली.
ती शीळ बराच वेळ ऐकू येत होती,
वाढत गेलेली,
मग गिअर बदलल्याची एक फट,
मग पुन्हा.