फेस

मीटर पेटीतून काढायच्या आत
मब्रूका ओंजळभर पाणी तोंडात घोळवते,
थुंकते
आणि म्हणते, "सहा."
मग मी तार सोडते विहिरीत. आकडा थरथरतो, ठरतो:
लिटरला सहा पूर्णांक एक ग्रॅम.
लझहर, आमचा ड्रायव्हर, गाडीला टेकून म्हणतो,
"यांनाच घ्या की नोकरीवर."

काप बोनचा पूर्व किनारा. कुंपणाला निवडुंग,
निवडुंगापलीकडे मिरच्या,
मिरच्यांपलीकडे वाळूची लांबलचक पाठ,
आणि मग तो.
इथून दिसत नाही. वारा पडला की ऐकूही येत नाही.
विहिरीत मात्र केव्हाचा येऊन बसलाय.

गोडं पाणी खाऱ्यावर तरंगतं, दुधावरच्या सायीसारखं.
शेतकऱ्यांना मी हातानं मापून दाखवते:
वरून हातभर साय काढलीत
तर खालून चाळीस हात खारं चढतं.
हमादी म्हणाला होता,
असलं व्याज तर आमचा सावकारही लावत नाही.
हसला, आणि महिन्याभरात दुसरा पंप बसवला.
त्याला तरी काय बोलायचं?
स्ट्रॉबेरीच्या पानांच्या कडा करपत होत्या
आणि त्याला वाटलं, तहान.

चहा येतो. माजेनमध्ये साठवलेल्या पावसाचा,
वर पुदिना, चार चिलगोजे.
"विहिरीच्या पाण्याचा नाही जमत," मब्रूका सांगते,
"साखर आणि मीठ पेल्यातच भांडतात."
मग मध्येच, पेला खाली न ठेवता:
"मी तेव्हाच सांगितलं होतं.
नौफेल बोटीनं गेला, त्या वर्षी.
त्याचे शर्ट धुवायला काढले
तर साबणाला फेस येईना.
घासला, घासला,
पाणी नासलेल्या दुधागत फाटलं नुसतं.
गेले तुमच्या कचेरीत.
खिडकीतला म्हणाला, पाणी खारट लागतं का?
नाही म्हटलं. गोडच होतं ना.
तर म्हणाला, मग साबण बदला."

मी पेला संपवला. बोलण्यासारखं काही नव्हतं.

संध्याकाळी जुनी वही काढली.
विहीर एकोणचाळीस. अकरा वर्षांपूर्वीचा एप्रिल.
सोडियम: होतं तेवढंच.
क्लोराइड: किंचित वर, जिभेला न कळण्याइतपत.
कॅल्शियम: दुप्पट.
त्यापुढे कुणीतरी पेन्सिलीनं काढलेलं प्रश्नचिन्ह,
आणि मग खोडलेलं.

समुद्र आत येताना आपला वेश लपवून येतो.
वाटेतली चिकणमाती त्याचं सोडियम ठेवून घेते
आणि पिढ्यान्‌पिढ्या धरून ठेवलेला चुना
त्याच्या हवाली करते.
तो चुना पुढे येतो, मीठ मागून.
जीभ चुन्याला ओळखत नाही.
साबण ओळखतो.

आता सगळे पंप उद्या थांबले,
चार हिवाळे धो धो बरसले, तरीही
मातीनं मीठ खाल्लंय,
आणि माती खाल्ल्या मिठाला जागते.
सोडेल, पण कणाकणानं, आमच्या नोकऱ्या संपेपर्यंत.

प्रयोगशाळेत मी नमुन्यात चांदीचं द्रावण थेंब थेंब सोडते.
पिवळं, पिवळं, पिवळं,
आणि एका थेंबाला विटकरी.
आकडा लिहिते. मब्रूकाचा सहाही लिहिते शेजारी, कंसात.

पुढच्या फेरीच्या सामानाची यादी:
बाटल्या चोवीस, दोरी वीस मीटर,
सिल्व्हर नायट्रेट,
आणि शेवटी एक ओळ,
जैतुनाचा हिरवा साबण, एक वडी.
साहेब विचारतील, हे कशाला?
यंदा पेनानं लिहिलंय.

कारण कधीकाळी गोडं पाणी उलटं रेटू लागलं,
माती धरलेलं सोडियम सोडून चुना परत घेऊ लागली,
तर जिभेच्या आधी
तेही साबणालाच कळेल:
फेस येईल, भसाभसा,
घमेल्याबाहेर,
कितीही पाणी ओता, धुऊन निघणार नाही हातांवरून.